तिसऱ्या अंकाचा अर्ज

नाशिक शहरात 'ते नाटक' म्हटले की कोणते, हे सांगावे लागत नाही. ते पाहिले कोणी, असे विचारले की मात्र समोरचा माणूस घड्याळाकडे पाहू लागतो. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी त्याचा इथे एकच प्रयोग झाला, तोही दोन अंकांपुरता. तिसरा अंक सुरू होण्याआधी नाट्यगृहात खुर्च्या उडाल्या आणि पडदा पडला तो पडलाच. तेव्हापासून या शहरातील दोन पिढ्यांचे, न पाहिलेल्या तिसऱ्या अंकाविषयी अत्यंत ठाम मत आहे. त्या अंकात पलंगावर नेमके काय घडते, हे मला माझ्या न्हाव्याने एका तऱ्हेने, मुद्रांक विक्रेत्याने दुसऱ्या तऱ्हेने आणि सख्ख्या मेव्हण्याने तिसऱ्याच तऱ्हेने सांगितले आहे. तिघांच्याही कल्पनाशक्तीला मी मनातून दाद दिलेली आहे.

ज्यांनी ते नाटक लिहिले आणि बसवले ते गृहस्थ गेल्या वर्षी वारले. वर्तमानपत्रात त्यांच्या निधनाची बातमी आतल्या पानावर, बोअरवेलच्या जाहिरातीला खेटून आली आणि तीत त्यांना 'वादग्रस्त' म्हटले होते. वाद दुसऱ्यांनी घालायचा आणि ग्रस्त यांनी व्हायचे, असा तो शब्द आहे. ते शाळेत चित्रकला शिकवीत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मीही तसेच म्हणेन.

माझा व्यवसाय अर्जनवीसाचा. शालेय शिक्षण नववीच्या पुढे गेले नाही. परंतु वारसनोंदीपासून शस्त्रपरवान्यापर्यंत माझ्या हातून उतरलेल्या मसुद्यात काना-मात्रेची दुरुस्ती सुचवणारा कारकून अद्याप या जिल्ह्यात बदलून आलेला नाही. कचेरीच्या भिंतीला लागून पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल आहे, त्यावर मराठी टंकलेखन यंत्र आहे. शेजारी दोघांनी संगणक आणले. लोक घाईच्या कामाला त्यांच्याकडे जातात आणि महत्त्वाच्या कामाला माझ्याकडे येतात.

मास्तर चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आले तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. अंगात खादीचा सदरा, काखेत एक्स-रेचे मोठे पिवळे पाकीट. त्यांनी पक्षकाराची खुर्ची उचलली, टेबलाशी तिरपी ठेवली, पुन्हा उचलून अर्धी वीत मागे नेली आणि मग बसले. समोरासमोर बसले तर एकाची पाठ दिसते, असे त्यांनी मला समजावून सांगितले. कोणाला दिसते, असे मी विचारले. ते म्हणाले, "प्रेक्षकांना." मागे जातीच्या दाखल्यासाठी आलेली माणसे उभी होती. ती सावरून उभी राहिली.

पाकिटात नाटकाची वही होती आणि वहीबरोबर त्यांच्या छातीचा खराखुरा एक्स-रेही होता. नाटकात अश्लील आहे म्हणे, असे कोणी म्हटले की ते वही काढीत नसत. एक्स-रे काढून उन्हात धरीत आणि समोरच्याला सांगत, बघून घ्या, आत काही आढळलं तर मलाही दाखवा. मला हा प्रकार पोरकट वाटे. परंतु त्या एक्स-रेकडे निरखून पाहिल्याशिवाय पुढे गेलेला माणूसही मी पाहिलेला नाही.

त्यांना सगळीकडे प्रयोगच चालू दिसे. माणूस बोलत असताना ते टेबलावर बोटाने ताल धरीत आणि मध्येच म्हणत, इथे दोन मोजा. म्हणजे दोन आकडे मोजण्याइतके थांबा. मी त्यांना मुद्रांकाची रक्कम सांगत असलो तरी दोन मोजावे लागत. एका शोकसभेत त्यांनी मृताच्या धाकट्या भावाला खुणेने सांगितले होते की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येत नाही. आणि बिचाऱ्याने मोठ्या भावाचे गुणवर्णन पुन्हा पहिल्यापासून केले. लग्नात ते नवरदेवापेक्षा मांडवाच्या प्रकाशयोजनेकडे पाहत. मला ते 'लेखक' म्हणून हाक मारीत. थट्टेने मारीत, हे मला कळत होते. तरी ती हाक मला आवडे, आणि यात लपवण्यासारखे काही नाही. या शेडखाली मला तसे दुसऱ्या कोणी कधी म्हटलेले नाही.

त्यांना नाटक पुन्हा उभे करायचे होते, आणि त्यासाठी नाट्यगृहाची तारीख, परवानगी, बंदोबस्त अशा अर्जांची माळ हवी होती. नाटके तपासणाऱ्या मुंबईच्या मंडळाचे प्रमाणपत्र तेव्हाही होते. प्रमाणपत्राने खुर्च्या जागच्या जागी राहत नाहीत, हा अनुभव त्यांच्या पदरी होता.

आमचे पहिले भांडण अर्जातील 'विषय' या एका ओळीवरून झाले. मी लिहिले, 'कौटुंबिक स्वरूपाच्या नाटकास परवानगी मिळणेबाबत.' त्यांनी ते खोडले. त्यांना 'नवरा-बायकोच्या शरीरसंबंधांविषयीच्या नाटकास' असे हवे होते. मी म्हणालो की असले शब्द विषयाच्या ओळीत येत नाहीत. त्यांनी विचारले, मग कुठे येतात. मी म्हणालो, येतच नाहीत. मी 'तसले' म्हणालो की ते विचारत, कसले. मी 'ते सगळं' म्हणालो की विचारत, कोणतं. दाखल्याच्या रांगेतल्या दोन बाया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या आणि आपला नंबर मागच्याला देत होत्या. शेवटी 'प्रौढांसाठीच्या कौटुंबिक' यावर तडजोड झाली. मास्तर म्हणाले की या ओळीचा अर्थ काहीच होत नाही. मी म्हणालो की म्हणूनच ती मंजूर होईल.

अर्जासोबत संहितेच्या चार प्रती लागत होत्या आणि माझ्या दप्तरी ठेवायला एक, अशा पाच. त्या मी स्वतः, कार्बन घालून, अक्षर न् अक्षर टाइप केल्या. त्यामुळे तिसरा अंक ठाऊक असलेल्या मोजक्या माणसांत माझा समावेश झाला, आणि सांगायला खेद वाटतो की न्हावी, मुद्रांक विक्रेता आणि मेव्हणा या तिघांचीही निराशा व्हावी असा तो अंक आहे. त्यात दोनच माणसे आहेत. नवरा पलंगाशी उभा असतो, बायको पलंगाच्या कडेला बसलेली असते, आणि ती बोलते. लग्नाला अकरा वर्षे झालेली असतात आणि या अकरा वर्षांत त्याने तिला एकदाही काही विचारलेले नसते. त्या विचारण्यापर्यंत नवऱ्याला आणणे, एवढाच तो अंक आहे. मास्तरांनी नव्या प्रयोगासाठी पेन्सिलीने एकच बदल केला होता. अकराच्या जागी त्यांनी एकेचाळीस लिहिले होते. मी दचकून विचारले की या वयाची माणसे हे बोलणार? ते म्हणाले, "या वयाचीच बोलतील. तरुणांना कुठे वेळ असतो?"

बदल त्यांना करावाच लागणार होता, कारण बायकोचे काम पूर्वीच्याच बाई करणार होत्या. नवऱ्याचे काम केलेला नट पुण्याला गेला होता आणि तिथून फोन उचलत नव्हता. म्हणून नवरा मास्तर स्वतः होणार होते.

'त्या नाटकातली बाई' या शब्दांमागे माझ्याही मनात काही चित्र होते, ते येथे लिहिणे प्रशस्त नाही. प्रत्यक्षात एसटीतून साठी उलटलेली, सुती साडी नेसलेली, चष्म्याची बाई उतरली आणि तिने माझ्या टेबलावर गवारीची पिशवी ठेवली. घरची आहे, वहिनींना द्या, असे म्हणाली. ती नाशकात नर्स होती, आणि सुट्टीला गावी गेली की तिथल्या पोरांना इंजेक्शनेही तीच देई. निवृत्त होऊन सायखेड्याला भावाकडे राहत होती. मास्तर तिला सिस्टर म्हणत, तीही त्यांना मास्तर म्हणे. त्या प्रयोगानंतर तिचे ठरलेले लग्न मोडले होते आणि पुन्हा ठरले नव्हते, एवढे मास्तरांनी मला आधीच सांगून ठेवले होते. गर्दीने तिचं वाटोळं केलं, असे ते म्हणत.

त्या गर्दीची कथा ते फार सुंदर सांगत. पहिल्यांदा ऐकली तेव्हा सात खुर्च्या फुटल्या होत्या. पुढे त्या वीस झाल्या, आणि पाहुण्यांसमोर तर चाळीस. दुसरा अंक संपता संपता लोक रंगमंचावर चढले, त्यांनी पडद्याची दोरी ओढली आणि तिसऱ्या अंकाचा गळा आवळला, असा त्या कथेचा शेवट असे. 'गळा'च्या आधी ते दोन मोजत. सिस्टर त्या वेळी हजर असली तर पिशवीतून काहीतरी शोधू लागे.

नाट्यगृहाची तारीख मिळाली, बातमी भ्रमणध्वनीवरून घरोघर फिरली आणि आठव्या दिवशी माझ्या टेबलासमोर इंदिरानगरातील एका संस्कृतिरक्षक मंडळाचे अध्यक्ष येऊन बसले. सिमेंट-सळईचे व्यापारी, सभ्य गृहस्थ, कपाळाला गंध. त्यांना नाटकाविरुद्ध आक्षेप अर्ज हवा होता. सह्यांचे सात कागद ते बरोबरच घेऊन आले होते. मजकूर तेवढा नव्हता.

एका भावाचा वाटणीचा अर्ज आणि दुसऱ्याची त्यावरची हरकत, दोन्ही एकाच टेबलावर लिहिली जातात, ही आमच्या व्यवसायाची जुनी रीत आहे. कोणी याला दुटप्पीपणा म्हणेल. मी याला समदृष्टी म्हणतो. मी अध्यक्षांना विचारले की आक्षेपार्ह भाग कोणता. ते म्हणाले, सगळाच. मी सांगितले की 'सगळाच' असे सरकारी कामात चालत नाही, पान आणि ओळ द्यावी लागते. त्यांनी नाटक वाचले आहे का, असे विचारल्यावर त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला.

"आम्ही असलं वाचत नाही," ते म्हणाले.

परिशिष्टाशिवाय आक्षेप अर्ज माझ्या टेबलावरून उठत नाही. माझ्या खणात पाचवी, जरा फिकट निघालेली प्रत होती. मी तिसरा अंक संपूर्ण, 'परिशिष्ट अ' म्हणून, अर्जाला टाचला. हे मी मुद्दाम केले का, असे मला आजही विचारतात. नाही. मला माझ्या परिशिष्टांचा अभिमान आहे, आणि त्या दिवशी त्यापलीकडचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. अध्यक्षांनी कागदांची जाडी पाहिली, समाधानाने मान हलवली आणि न वाचता सही केली.

ज्यांच्यासमोर सुनावणी होती त्या बाई अधिकारी नव्याने बदलून आल्या होत्या आणि त्यांची एक पद्धत होती. कोणताही अर्ज, ज्याने सही केली त्यानेच, दोन्ही बाजूंसमोर, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचा. अर्जनवीस काहीतरी लिहून देतो आणि लोक न वाचता सह्या करतात, असा त्यांचा समज होता. हा समज आमच्या व्यवसायाला अपमानकारक आहे. दुर्दैवाने तो खरा आहे. जमिनीच्या प्रकरणात त्या तसे वाचायला लावतात, हे मला ठाऊक होते. नाटकाच्या प्रकरणातही लावतील, हे सुचले नाही.

सकाळी अकराची वेळ होती. एका बाजूला मास्तर आणि सिस्टर. दुसऱ्या बाजूला अध्यक्ष आणि मंडळाच्या महिला आघाडीच्या चार भगिनी, सारख्या रंगाच्या साड्यांत. मसुदा माझा असल्याने मी दाराशी उभा होतो. मास्तरांनी आल्या आल्या आपली खुर्ची तिरपी केली.

अध्यक्षांनी माझा मजकूर उत्तम वाचला. 'आपल्या थोर परंपरेस काळिमा फासणारे' या ठिकाणी तर मला स्वतःलाच भरून आले. मग परिशिष्ट आले.

"रंगमंचावर एक पलंग," अध्यक्षांनी वाचले आणि मॅडमकडे पाहिले.

"वाचा," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी नवऱ्याची दोन वाक्ये वाचली आणि ते थांबले. पुढचे बायकांचे आहे, असे त्यांनी अदबीने निदर्शनास आणले. मॅडमनी महिला आघाडीकडे पाहिले. चारही भगिनींना एकाच वेळी आपापल्या पर्समध्ये काहीतरी महत्त्वाचे आठवले. तेवढ्यात सिस्टर उठून उभी राहिली. मी म्हणते, असे ती म्हणाली. मॅडमनी कागद पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"एकेचाळीस वर्षं तू दिवा मालवतोस," ती म्हणाली, "आणि मग माझ्याकडे वळतोस. मालवण्याआधी एकदा तरी माझ्या तोंडाकडे बघितलंस का? मला नको असलं तर ते तोंडावर दिसलं असतं. हवं असलं तर तेही दिसलं असतं."

हे वाक्य मी पाच प्रतींत टाइप केले होते, आणि टाइप करताना मला त्यात फक्त प्रश्नचिन्ह कुठे येते एवढेच दिसले होते.

शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत आला आणि तसाच उभा राहिला. अध्यक्षांना आपली पाळी आहे हे जरा उशिरा लक्षात आले. त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला.

"असं बायका बोलत नाहीत," त्यांनी वाचले, आणि इतके मनापासून वाचले की मास्तर पुढे वाकून पाहू लागले.

"बोलतात," सिस्टर म्हणाली. "तू झोपल्यावर."

महिला आघाडीतील एक भगिनी हसली आणि मग खोकली. पुढची वीस मिनिटे तो अंक त्या खोलीत झाला. मास्तर बोटाने टेबलावर ताल धरून होते आणि मध्ये एकदा त्यांनी अध्यक्षांना सांगितलेही की इथे दोन मोजा. अध्यक्षांनी मोजले. शेवटच्या पानावर नवऱ्याचे एकच वाक्य उरले, "तुला काय हवंय, ते मला सांग." अध्यक्षांनी ते वाचले, त्यापुढची 'नवरा पलंगावर बसतो, पडदा' ही सूचनाही वाचली आणि कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हते.

"मग ती काय म्हणते?" मघाशी खोकलेल्या भगिनीने विचारले.

पडदा, असे मास्तरांनी सांगितले. ते तिला पटले नाही. इतके ऐकून घेतल्यावर एवढे तरी कळायला हवे, असे तिचे म्हणणे पडले आणि मॅडमचाही चेहरा तिच्या बाजूचा दिसला. मग मॅडमनी आक्षेप कायम आहे का, असे विचारले. अध्यक्ष म्हणाले की आक्षेप तत्त्वतः कायम आहे. परंतु पलंग असला तरी पलंगावर काही घडत नाही, हे नमूद करून घ्यावे. इतका निराश झालेला विजयी पक्ष किंवा इतका निराश झालेला पराभूत पक्ष मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आणि तो यांपैकी कोणता, हेही मला ठरवता आले नाही. अटींसह परवानगी मिळाली.

कचेरीसमोरच्या टपरीवर मास्तरांना आनंदाने बसवेना. चहावाल्याला, बाकावरच्या दोन वकिलांना, सगळ्यांना ते गर्दीची कथा सांगू लागले. त्या दिवशी खुर्च्या साठ झाल्या. लोक चढले, दोरी ओढली, असे म्हणून ते 'गळा'पाशी थांबले तेव्हा सिस्टरने कप खाली ठेवला.

"पडदा गर्दीनं नाय पाडला, मास्तर. तुम्ही पाडला."

वकील उठून गेले. वकिलांना असे क्षण बरोबर ओळखता येतात.

मास्तर म्हणाले की परिस्थिती तशी होती. ती म्हणाली की परिस्थिती तिलाही दिसत होती. तिसऱ्या अंकाची साडी नेसून ती विंगेत उभी होती. येऊ द्या खुर्च्या, मी जाते, असे तिने त्यांना सांगितले होते. त्यांनी ऐकले नाही. स्वतः दोरी ओढली, पडद्यापुढे जाऊन हात जोडले आणि लोकांना सांगितले की नटीला चक्कर आली आहे, प्रयोग थांबवत आहोत.

"मी तुमचं नाव वाचवायला सांगितलं ते," मास्तर म्हणाले. "तुमच्यावर कोणी चिडू नये म्हणून."

"मला ठाऊक हाय. पण गावात काय पोचलं, ते तुम्ही कधी विचारलं नाय. नाटकातल्या पोरीला भर नाटकात चक्कर आली. लगीन व्हायचं होतं माझं दोन महिन्यांनी. बिनलग्नाच्या पोरीला चक्कर आली म्हणल्यावर बाया काय समजतात? नाटकानं नाय मोडलं माझं लगीन. पलंगावर बसून बोललेलं कोणी ऐकलंही नव्हतं. तुमच्या त्या एका वाक्यानं मोडलं."

मास्तरांनी टेबलावर बोट टेकले होते ते तसेच राहिले. तीस-बत्तीस वर्षे या गृहस्थांनी मंडळाला, पालिकेला, पोलिसांना, वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली. त्यातली निदान चौदा माझ्या हातची आहेत. सायखेडा नाशकापासून एसटीने फार तर तासाभरावर आहे.

सिस्टर पुढे शांतपणे म्हणाली की नाशकातला प्रयोग ती करील. पण त्याआधी एक प्रयोग सायखेड्यात करायचा, तिच्या गावात, तिच्या लोकांपुढे. मास्तरांनी मान वर केली आणि अत्यंत काळजीने म्हणाले, "सिस्टर, तिथे... लोक काय म्हणतील?"

संस्कृतिरक्षक मंडळाच्या सात पानी सह्यांना जे वाक्य सुचले नाही ते या तोंडून ऐकल्यावर मला चहा बाजूला ठेवावा लागला.

"त्यांचं म्हणून झालंय," ती म्हणाली. "आता मी म्हणते."

ग्रामपंचायतीच्या अर्जाचा मसुदा मी तिथेच टपरीवर केला. सवयीने अर्जदार म्हणून मास्तरांचे नाव घातले होते. तिने माझ्या हातातून पेन घेतले, ते नाव खोडले आणि स्वतःचे लिहिले. विषयाच्या ओळीत मी 'कौटुंबिक' लिहायला घेतले, तर म्हणाली की जे आहे ते लिहा, सरपंच माझ्या हातचं इंजेक्शन घेऊन मोठा झालाय. अर्ज दोन दिवसांत मंजूर झाला. माझ्या अनुभवात ही तडफ अपवादात्मक आहे.

प्रयोग गोदावरीच्या काठच्या मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी झाला. पलंग तिच्या भावाच्या घरून ट्रॅक्टरवर आला. बाया पुढे सतरंजीवर बसल्या होत्या. पुरुष मागे भिंतीला टेकून, आपण सहज आलो आहोत अशा चेहऱ्याने उभे होते. इंदिरानगरचे अध्यक्षही आले होते. परवानगीच्या अटींचे पालन होते की नाही हे पाहायला आलो, असे त्यांनी मला आपणहून तीन वेळा सांगितले. सरपंचांनी नारळ फोडताना 'आपल्या सिस्टरबाई' म्हटले आणि मागून कोणीतरी हळूच काही बोलले, त्यावर चार जण हसले. मी तिच्याकडे पाहिले. ती पलंगावरची चादर नीट करीत होती.

पहिला अंक लोकांनी ऐकला. दुसऱ्यात काही पुरुषांना बाजार समितीत कांद्याची गाडी उभी असल्याचे स्मरण झाले आणि ते गेले. बाया जागच्या हलल्या नाहीत. तिसरा अंक सुरू झाला तेव्हा मी कचेरीतून परत आणलेली फिकट प्रत गुडघ्यावर उघडून बसलो. कोणी अडखळले तर आठवण करून द्यायचे काम मला दिलेले होते. सिस्टर एका अक्षराने चुकली नाही. 'तू झोपल्यावर' या वाक्याला पहिल्या रांगेतील एक म्हातारी एवढ्या मोठ्याने 'बाई गं' म्हणाली की मागचे दोघे बाहेर जाता जाता परत आले. मास्तर पलंगाशी उभे होते, आणि नवरा म्हणून ते फारच अवघडलेले दिसत होते. तो अभिनय आहे, असे मी धरून चाललो होतो.

मग ते शेवटचे वाक्य आले. मास्तर ते म्हणेनात. मी बोटाने ओळ धरून वर पाहिले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी हळूच 'तुला काय हवंय' असे सांगितले. त्यांनी माझ्याकडे हात केला, थांबा म्हणून. आणि नवरा पलंगाशी सोडून ते दोन पावले पुढे, सतरंजीवरच्या बायांसमोर आले.

"बत्तीस वर्षांपूर्वी नाशकात मी सांगितलं होतं की यांना चक्कर आली," ते म्हणाले. "यांना चक्कर आली नव्हती. या अगदी धडधाकट उभ्या होत्या. घाबरलो होतो मी. मी खोटं सांगितलं, यांना न विचारता सांगितलं. ते वाक्य या गावात आलं, ते मी परत घ्यायला आलो आहे."

हे वाक्य संहितेत नाही. माझ्या पाचही प्रतींत नाही. मागे उभ्या असलेल्या पुरुषांपैकी एका वयस्क गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि तशीच धरून उभे राहिले. ते कोण होते, हे मी विचारले नाही; विचारायचे नसते इतपत माझे शिक्षण झालेले आहे. पहिल्या रांगेतली म्हातारी सिस्टरकडे पाहत होती, आणि तिच्या मागच्या, आणि त्यांच्या मागच्या. सगळ्या पाहत होत्या.

मास्तर वळले. पुढे काय करायचे हे त्यांना सुचत नव्हते. हात कुठे ठेवावेत हेही आयुष्यात प्रथमच सुचत नसावे. सिस्टर पलंगाच्या कडेला बसली होती तशीच बसून होती. तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. मग त्यांच्या तोंडाकडे नीट बघितले.

"बरं," ती म्हणाली. "आता तुझं वाक्य म्हण."